ग्रंथांचे डिजिटायझेशन आणि ग्रंथालयांचे भवितव्य
(व्याख्यानाचा संपादित भाग)



ग्रंथ टिकतो तो केवळ कडीकुलपामुळे नव्हे. त्याच्या प्रती होत राहिल्या आणि त्या वाचल्या गेल्या, तरच तो टिकतो. षट्खंडागमाचा इतिहास याची साक्ष देतो. आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेसह हा सिद्धांतग्रंथ कित्येक शतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत सुरक्षित होता. तेथील भट्टारकांनी व श्रावकांनी तो प्राणपणाने जपला. त्यांचे हे ऋण न फिटणारे आहे. परंतु यात्रेकरूंना त्याचे दर्शन घडे, स्वाध्याय घडत नसे. आणि ताडपत्रे तर दिवसेंदिवस जीर्ण होत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद, मुंबईचे शेठ माणिकचंद आदींच्या प्रयत्नांनी नकला करण्याचे कार्य सुरू झाले. ते पूर्ण होण्यास पाव शतक लोटले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला आणि एकूण 16 खंडांत धवला अभ्यासकांच्या हाती आली.

डिजिटायझेशन हे याच परंपरेतील पुढचे पाऊल होय. मुनिश्री पुण्यविजयजींनी 1950 च्या सुमारास जैसलमेरच्या ज्ञानभांडारातील हस्तलिखितांची व्यवस्था लावून अनेक दुर्मिळ पोथ्यांच्या मायक्रोफिल्म करविल्या. आज तेच कार्य कॅमेरा आणि संगणक करीत आहेत. मूळ पोथी वेष्टनात विसावते आणि तिची प्रतिमा दूरदेशीच्या अभ्यासकापर्यंत क्षणात पोहोचते.

तथापि, छायाचित्र घेतले की कर्तव्य संपले, असे मानणे घातक ठरेल. इंग्लंडमधील 1086 सालच्या ‘डूम्सडे बुक’ या नोंदग्रंथाला नऊशे वर्षे झाली, त्या निमित्ताने बी.बी.सी.ने 1986 मध्ये देशाची नवी माहिती लेसर तबकड्यांवर साठविली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि ती माहिती सोडवून घेण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली. मूळ ग्रंथ मात्र आजही वाचता येतो! वाळवी केवळ ताडपत्रालाच लागते असे नाही; दुर्लक्षाची वाळवी संगणकालाही लागते.

म्हणूनच ग्रंथालयाचे प्रयोजन संपणार नाही, उलट ते वाढणार आहे. प्रत्येक पोथीचे नाव, कर्ता, लिपी, पत्रसंख्या व लेखनकाल यांची सूची नसेल, तर हजारो प्रतिमा असूनही हवा तो ग्रंथ सापडणार नाही. प्रतिमांच्या किमान दोन-तीन प्रती वेगवेगळ्या गावी ठेवाव्या लागतील आणि ठरावीक काळाने त्या नव्या साधनांवर उतरवाव्या लागतील. सर्वांत निकडीचे म्हणजे, जुनी लिपी वाचणारे तरुण घडवावे लागतील. अन्यथा पडद्यावरही पुन्हा केवळ दर्शनच उरेल.

श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, त्यांची धूळ झटकून, नवी वेष्टने घालण्याची प्रथा आहे. त्याच दिवशी सूची पडताळावी, संगणकातील प्रती उघडून पाहाव्यात आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती एक तरी पोथी वाचण्यासाठी द्यावी. पूर्वजांनी लेखणीने जे केले, ते पुढे नेण्याची जबाबदारी आता या पिढीची आहे. जिनवाणीची पूजा तिच्या वाचनानेच पूर्ण होते.