गाडीचा एसी आणि गटाचा हिशेब

आज पापड-मसाले बाजूला ठेवून मी गाडीच्या एसीबद्दल बोलणार आहे. हसू नका! आमच्या गटाने कर्ज काढून जुनी गाडी घेतली आहे. गटातलीच एक ताई ती भाड्याने चालवते. बाळंतिणीला माहेरी सोडायचं, कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, अशी आमची भाडी. मे महिन्यात एसीतून गरम वारा आला, की गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीला फोन करतं. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तसंच झालं. गॅरेजवाला म्हणाला, "गॅस संपलाय, भरून देतो." १,८०० रुपये दिले. तीन आठवड्यांनी पुन्हा गरम वारा, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा १,८००. बैठकीत हिशेब वाचला तेव्हा एका मावशींनी विचारलं, "अगं, हा गॅस काय शेगडीचा आहे का, रोज जळून संपायला?"

मावशींचं बरोबर होतं. एसीचा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकतो आणि पातळ होतो. मग डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि आतली हवा गार होते. माठ पाझरून पाणी गार होतं ना, तसंच. म्हणजे गॅस एवढ्या लवकर कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे.

गॅरेजला जाण्याआधी चार गोष्टी बघा. वारा कमी येतो का? मग केबिन फिल्टर धुळीने भरला असेल किंवा पंखा बिघडला असेल. वारा जोरात, पण गरम येतो का? मग गॅस किंवा कॉम्प्रेसर तपासायला हवा. गाडी पळताना गार आणि उभी राहिली की गरम, असं होतं का? मग कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते बघायला सांगा. त्याच्या जाळीत माती, पाचोळा अडकला असेल, तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, हलक्या धारेने धुवा. आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चुकून चालू राहिलंय का, तेही बघा. नळ्या मात्र स्वतः उघडू नका. आत दाबाखाली गॅस असतो, डोळ्याला किंवा कातडीला इजा होते.

शेवटी आम्ही दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने नळ्यांत नायट्रोजन भरला आणि सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बुडबुडे आले. तिथली रबरी रिंग झिजली होती. रिंग बदलली, व्हॅक्यूम केलं आणि गाडीला लागतो तेवढाच गॅस वजन करून भरला. यंदाचा मे त्याच गॅसवर निघाला.

रिंग काही रुपयांची, पण आमचे ३,६०० रुपये हवेत गेले. आता गटाच्या वहीत नियमच लिहिलाय: "गळती कुठे होती?" याचं उत्तर आणि पक्की पावती मिळाल्याशिवाय गॅसचे पैसे द्यायचे नाहीत.

मैत्रिणींनो, गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणू नका. मावशींना गाडी चालवता येत नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारला. तुम्हीही विचारा.