हाताने शिकायचे जीवशास्त्र



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी मला याच शाळेत विज्ञान शिकविले. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली ते मुलांच्या हाताला येईल अशा खुंटीवर टांगून ठेवीत. पुढे मीही शिक्षक झालो, तेव्हा हे केवढे धाडस होते ते मला उमगले.

आजचा माझा विषय संश्लेषी जीवशास्त्र. सजीवांच्या जनुकांचे सुटे भाग समजून घ्यावयाचे आणि ते नव्या रीतीने जोडून पेशीकडून हवे ते काम करवून घ्यावयाचे, असे हे शास्त्र आहे. नाव भारदस्त आहे खरे, पण आरंभ कांद्यापासून करता येतो.

किसलेला कांदा, मीठ, पाणी आणि भांडी घासण्याचा द्रवसाबण. साबणाने पेशींची स्निग्ध आवरणे फुटतात. गाळलेल्या पाण्यावर गार स्पिरिट ओतले की दोहोंच्या सीमेवर पांढरे तंतू तरंगू लागतात. तोच डीएनए. (तो निर्भेळ नसतो, सोबत प्रथिने वगैरे असतात, हेही मुलांना सांगावे.) मी प्रथम वर्गात हा प्रयोग केला तेव्हा स्पिरिट भसकन ओतले आणि नुसता गढूळ काला झाला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही घाई केलीत." तिने परीक्षानळी तिरपी धरून कडेने हळूहळू ओतले. तंतू तिच्या नळीत दिसले, माझ्या नव्हे.

यापुढची पायरी म्हणून मी एक हकिकत सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 2006 साली 'आयजेम' स्पर्धेसाठी सुगंधी जीवाणू घडविले. ई. कोलाय या जीवाणूचा स्वतःचा वास शौचकूपाची आठवण करून देणारा. म्हणून त्यांनी तो दुर्गंध निर्माण न करणारा वाण घेतला. त्यात जनुके अशी बसविली की जीवाणू वाढत असताना विंटरग्रीनचा, म्हणजे सांधेदुखीच्या मलमासारखा वास यावा आणि वाढ थांबली की पिकल्या केळ्याचा. वास हीच घड्याळाची घंटा!

हे आपल्या शाळेत करावे काय? नाही. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी आपल्या देशात 1989 चे नियम आहेत, आणि ते योग्यच आहेत. आम्ही पुठ्ठ्याच्या रंगीत पट्ट्या कापतो. हिरवी पट्टी जनुक केव्हा चालू व्हावे ते सांगणारी, पिवळी पट्टी प्रत्यक्ष जनुकाची, तांबडी थांबविणारी. तांबडी विसरली तर पेशीतले यंत्र पुढच्या जनुकातही वाचत जाते, हे मुले खेळता खेळता शोधतात. परदेशात 2018 साली 'बायोबिट्स' नावाचे शालेय संच तयार झाले. त्यांत जिवंत पेशी नसतातच, पेशींतील यंत्रणा तेवढी सुकवून ठेवलेली असते; पाणी आणि डीएनए मिसळले की चकाकणारी प्रथिने तयार होतात. अशी सोय आपल्या मुलांच्या हाती यावी, अशी माझी तळमळ आहे.

सुगंधी जीवाणूंची हकिकत ऐकून एका मुलाने विचारले, "सर, ते बाटलीतून बाहेर पडले तर?" काही पालकांनाही हीच धास्ती वाटते, त्यांना हसू नये. प्रयोगशाळेतील वाण दुबळे केलेले असतात, काम संपताच ते उष्णतेने किंवा रसायनाने मारतात. पण ही खबरदारी त्या प्रश्नातूनच जन्मली आहे. मी उरलेला तास त्या मुलालाच दिला. वर्गाचे दोन पक्ष पडले, घंटा झाली तरी भांडण मिटले नाही. त्या दिवशीचा धडा मात्र राहून गेला.

सभा संपल्यावर कृपया प्रयोगशाळेत यावे. कांदे किसून ठेवले आहेत, स्पिरिट बर्फात आहे. माजी विद्यार्थ्यांनी नळी तिरपी धरावी.