धुराचा हिशेब

सुरतेजवळ पलसाणा परिसरात कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या दाटीने उभ्या आहेत. त्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक शुद्धीकरण केंद्र झाले. पण चिमण्यांचे काय? गुजरात सरकारने २०१९ साली सुरत परिसरात धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. चिमण्यांवर मोजणीयंत्रे बसली, एकंदर प्रदूषणाला मर्यादा पडली. जो कमी धूळ सोडील, त्याने उरलेले परवाने विकावेत. जो जास्त सोडील, त्याने ते विकत घ्यावेत. सुमारे तीनशे कारखान्यांवरील या प्रयोगात बाजारात उतरलेल्या गिरण्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली. मात्र परवाना म्हणजे मोकळीक नव्हे. मर्यादा क्रमाक्रमाने आवळत नेली, तरच भोवतालच्या वस्तीला श्वास मोकळा मिळेल. जुन्या वसाहती मोडाव्या लागत नाहीत. त्यांना हिशेबाची शिस्त लावावी लागते.