कोर्टाची पायरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. माझे अब्बा ती उठताबसता वापरत. या म्हणीने माझ्या घरात काय केलं, ते आज सांगणार आहे.

१९९८ सालची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, दोन लहान मुलांना घेऊन माहेरी आली. आठ दिवसांत रजिस्टर पोस्टाने तलाकचं पत्र आलं. मोहल्ल्यातली बुजुर्ग मंडळी जमली. महेरचे ७८६ रुपये, इद्दतीच्या तीन महिन्यांचा खर्च आणि लग्नातली भांडी परत, असं ठरलं. कागद करायचा होता. घरात बी.ए. झालेला मी एकटाच. तो कागद मी लिहिला. 'मुलांसह यापुढे कोणतीही मागणी राहिली नाही' हे वाक्य माझ्याच अक्षरातलं. साक्षीदार म्हणून सहीही माझीच.

सही करण्याआधी आपाने हळूच विचारलं होतं, "एखाद्या वकिलाला विचारायचं का रे?"

मी म्हणालो, "फी कुठून आणायची?"

पुढे मी आपावर एक कविता लिहिली. कविसंमेलनांत तिला दाद मिळाली. आपा मात्र रात्री उशिरापर्यंत शिलाई मशीन चालवून मुलांची फी भरत होती. कवितेने तिच्या घरात पावशेर साखरही आली नाही.

आता यातली खरी बोच ऐका. आमच्या घरापासून तालुक्याचं कोर्ट चालत दहा मिनिटांवर. गरजूंना मोफत वकील देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. म्हणजे आपाच्या कागदाआधी तीन वर्षं. त्या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिला उत्पन्नाची अट नाही. आपाच्या मुलांचं म्हणाल, तर मुसलमान बापालाही मुलांची पोटगी चुकत नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच दिला होता. तो हक्क माझ्या त्या एका वाक्याने बुडणारा नव्हता. पण आम्ही ते वाक्य म्हणजे पत्थर की लकीर समजून बसलो.

मला हे ठाऊक नव्हतं, एवढं म्हणून सुटता येईल. पण मी विचारायलाही गेलो नाही. 'मोफत' हा शब्द कुठे कानावर आला असता, तरी कदाचित गेलो नसतो. आपण काय खैरात मागायची, असं वाटलं असतं. मध्यमवर्गाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची ही अडचण असते. खिशात काही नसतं, पण हात पसरल्यासारखं दिसू नये याची धास्ती मोठी.

गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी आपाकडे येऊन रडत बसली. नवऱ्याने घराबाहेर काढून दोन वर्षं उलटून गेली होती. पैसा देत नव्हता, तलाकही देत नव्हता. मी नेहमीप्रमाणे तोंडदेखलं समजावू लागलो. आपा उठली आणि म्हणाली, "शायरी पुरे. कागद घे, अर्ज लिही."

आम्ही तिघं कोर्टात गेलो. तालुका विधी सेवा समितीचं काम तिथेच चालतं. साध्या मराठीत अर्ज, ओळखीचा पुरावा आणि असतील ती कागदपत्रं, एवढंच लागलं. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं म्हणणं तिथे लिहून घेतात आणि अंगठा घेतात. समितीने वकील नेमून दिला. त्याची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च या योजनेतून होतो. वकिलाने पक्षकाराकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. मागितलेच, तर समितीकडे तक्रार करता येते.

सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. ती मुलगी म्हणाली, "फुकटचं आहे, कसं बोलायचं?" आपाने तिला झापलं. वकील बदलून मिळावा म्हणून अर्ज दिला आणि बदलून मिळाला. आता अंतरिम पोटगी सुरू आहे, कधी वेळेवर, कधी उशिरा. तलाकचा दावा चालू आहे. नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही, तर मुसलमान स्त्री स्वतः कोर्टात जाऊन विवाह रद्द करून मागू शकते. हा कायदा आजचा नाही, १९३९ सालचा आहे!

शाहबानोचा निकाल १९८५ चा, त्यावरचा वाद आणि १९८६ चा कायदा तुम्हाला आठवत असेल. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीतच करायची आहे. ती तरतूद इद्दतीपुरती नव्हे. २०१७ मध्ये एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला. आणि १० जुलै २०२४ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की, पोटगीचं सर्वसाधारण कलम मुस्लिम घटस्फोटितेलाही खुलं आहे. निकाल असे दिल्लीत लागतात, पण ते आपल्या गल्लीत आणायला कुणीतरी वकील लागतो. तो मिळावा म्हणूनच ही सोय आहे.

ही सोय एका धर्माची नाही. कोणत्याही जातिधर्माची स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्नाची अट नाही. इतर बहुतेक पुरुषांना आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

एक मात्र सांभाळा. घरगुती भांडण तडजोडीने मिटत असेल, तर जरूर मिटवा. पण लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. तेव्हा सही करण्याआधी कागद वकिलाकडून समजून घ्या. बी.ए. झालेल्या भावाकडून नव्हे.

त्या दिवशी कोर्टातून परतताना आपा पायऱ्यांवर थांबली. गुडघे दुखतात तिचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तो कागद आहे का रे अजून?"

आहे. माझ्या ट्रंकेत, कवितांच्या वह्यांखाली. अक्षर अजूनही सुवाच्य दिसतं. आपाने तो परत मागितला नाही, आणि मलाही तो फाडवत नाही. आता मोहल्ल्यातलं कुणी काही लिहून घ्यायला आलं, की मी आधी तो कागद दाखवतो आणि मग त्याच्याबरोबर कोर्टापर्यंत चालत जातो.

दहा मिनिटं लागतात.