सोन्याचे नाणे आणि संसाराची शिल्लक



पनवेलहून पुण्याकडे निघालेला जुना महामार्ग पळस्पे ओलांडतो आणि कोन हे गाव लागते. एके काळी भातशेतीवर जगणाऱ्या या परिसराने गेल्या काही दशकांत मोठे स्थित्यंतर अनुभवले आहे. २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच जवळून जातो. २०१६ मध्ये सोडत निघालेली गिरणी कामगारांची २,४१७ घरे कोन येथेच आहेत. २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळही याच तालुक्यातला. रस्ते आले, इमारती उभ्या राहिल्या आणि जमिनीचे पैशांत रूपांतर झाले. जमीन नातवंडांपर्यंत टिकते. हाती आलेली रोकड मात्र कधी सरली ते कळतही नाही. म्हणूनच आयुष्यात एकदाच मोठी रक्कम मिळालेल्या कुटुंबाची पावले सराफाच्या पेढीकडे वळली तर नवल नाही. प्रश्न एवढाच, की तेथे नेमके काय विकत घेतले जात आहे, याची जाणीव घेणाऱ्यास आहे काय?

नाण्याची तीन मोले

सोन्या-चांदीच्या नाण्यास तीन प्रकारचे मोल असते. पहिले धातूचे, म्हणजे वजन आणि शुद्धता यांचे. दुसरे घडणावळीचे व विक्रीखर्चाचे. तिसरे त्याच्या इतिहासाचे व दुर्मिळतेचे. बचतदाराचा संबंध मुख्यतः पहिल्याशी, तर संग्राहकाचा तिसऱ्याशी येतो. दुसऱ्या मोलाचा खर्च ग्राहक भरतो खरा, पण विकताना तो बहुधा परत मिळत नाही. या तिहींची गल्लत झाली की फसगत होते.

ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया हे याचे सोपे उदाहरण आहे. १८३५ पासून प्रचारात आलेल्या या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० च्या सुमारास चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. घरातील गाठोड्यात हे तिन्ही रुपये एकत्र बांधलेले असतील आणि दिसायलाही सारखेच वाटतील. धातूच्या हिशेबात मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तोळ्याचेही तसेच. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम समजतात. आजीच्या तोंडचा तोळा आणि पेढीवरचा तोळा यांत दीड ग्रॅमहून अधिक फरक पडतो.

गिनी या नावाने घराघरांत ठाऊक असलेले ब्रिटिश सोन्याचे नाणे २२ कॅरटचे, ७.९८ ग्रॅमचे, त्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही अशी सुमारे १३ लाख नाणी पाडली गेली. आपल्याकडील पुतळीमाळेतील पुतळी तर मुळात व्हेनिसचे व्यापारी नाणे. समुद्रमार्गे ते पश्चिम किनाऱ्यावर आले आणि महाराष्ट्रीय स्त्रीच्या गळ्यातील अलंकार होऊन बसले. नाणे, दागिना आणि अडीनडीची शिल्लक ही आपल्या समाजाने कधी वेगळी मानलीच नाहीत.

वारसा आणि त्याचा मोह

कोन ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील रायगडावर १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला त्यांचा सुवर्ण होन अतिशय दुर्मिळ आहे. त्याचे मोल सोन्याच्या भावाने करता येत नाही आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार होतात. जाणकाराच्या तपासणीवाचून असे नाणे विकत घेणे म्हणजे अंधारात उडी घेणे होय. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे जिज्ञासूला नाण्यांचा खरा परिचय होऊ शकतो. हौशी संग्राहकाने जुने नाणे घासूनपुसून लखलखीत करू नये, हेही ध्यानी ठेवावे. तसे केल्याने त्याची किंमत उतरते.

जेथे पाया खणण्याची कामे चालू असतात, तेथे आणखी एक धोका संभवतो. ‘खोदकामात मोहरांचा हंडा सापडला, गुपचूप स्वस्तात देतो,’ असे सांगत अनोळखी इसम येतो. एखादे अस्सल नाणे तपासायला देतो आणि रक्कम हाती पडताच पितळेची थैली सोपवून पसार होतो. अब्रूच्या भीतीने फसलेला मनुष्य गप्प राहतो आणि जमिनीचा पैसा जातो तो जातोच. वास्तविक १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावेच लागते. लपविणाऱ्यास शिक्षा आहे, तर प्रामाणिकपणे कळविणाऱ्यास कायद्याने वाटा मिळू शकतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठविण्यासही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीस मनाई आहे.

चढता भाव, उतरता भाव

सोने कधी उतरत नाही, अशी समजूत आहे. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा जागतिक भाव औंसाला ८५० डॉलरवर गेला. १९९९ मध्ये तो सुमारे २५३ डॉलरपर्यंत खाली आला आणि जुनी पातळी पुन्हा गाठण्यास २००८ साल उजाडले. त्या अवधीत रुपयाही घसरल्याने भारतात ही झळ तितकी जाणवली नाही, इतकेच. चांदी तर त्याहून चंचल. १९८० च्या जानेवारीत ती ५० डॉलरच्या आसपास होती. मार्चअखेर ११ डॉलरच्याही खाली घसरली. चढत्या भावाच्या बातम्या वाचून सर्व रक्कम एकदम गुंतविणाऱ्याने हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

घेताना घ्यावयाची दक्षता

१९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द होईपर्यंत सोन्याच्या विटा व सळया खासगीरीत्या बाळगण्यास बंदी होती. ती आता नाही. पण स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही आली आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. भारतीय मानक ब्युरोची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळख या तीन गोष्टी ग्राहकाने पाहून घ्याव्यात. नाणे वा वीट घेताना त्यावरील शुद्धता, वजन व पाडणाऱ्याची खूण तपासावी. वेष्टण सीलबंद असावे. अशोकचक्रांकित भारतीय सुवर्ण नाणे २०१५ मध्ये काढण्यात आले. ते २४ कॅरटचे आहे.

पक्की पावती मागावी. २०१७ पासून सोन्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो वाचविण्यासाठी पावती सोडणारा ग्राहक पुढे मालकीचा पुरावाच गमावतो. बँकेने विकलेले नाणे बँक परत विकत घेत नाही, हे आधीच जाणून घ्यावे. सोन्याच्या विटेवर बँकेचे कर्जही मिळत नाही. दागिन्यांवर आणि नाण्यांवर ते मर्यादेत मिळते. ज्या शेतकऱ्यास अडीअडचणीला तारण लागणार आहे, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

सोने व्याज देत नाही, पीकही देत नाही. मुलांचे शिक्षण, डोक्यावरचे छप्पर व आजारपणाची तरतूद आधी करावी. उरलेल्यातील काही भाग सोन्यात ठेवावा. आणि जे काही घरात आहे त्याची यादी वजनासह करून ती पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असू द्यावी. जमीन गेली तरी तिची किंमत पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोचावी, यातच या साऱ्या दक्षतेचे सार्थक आहे.