संशय म्हणजे गुन्हा नव्हे
बी.ए.च्या परीक्षेत एका मुलीच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. "सही कर, मग जा," म्हटल्यावर तिनं घाबरून कबुलीवर सही केली. चिठ्ठीतलं अक्षर तिचं नव्हतं. ते कुणी पाहिलंच नाही. निकाल राखून ठेवला गेला आणि घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली. मुलाचं वर्ष वाया जातं. मुलीचं शिक्षणच सुटतं.

कॉपीला आपला पाठिंबा नाही. पण २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समितीची तरतूद आहे. तिथे आरोप लेखी मागा, पुरावा पाहा, आपलं म्हणणं लिहून द्या. न वाचता सही करू नका. आणि चौकशीला मुलीला एकटी पाठवू नका. आपल्यापैकी कुणीतरी सोबत जाऊ या.