फीचं कर्ज मागण्याआधी शाळा बघून या
(प्रभागसंघाच्या फेब्रुवारीच्या सभेतील भाषण)



एप्रिल-मे आला की गटात कर्जाची मागणी वाढते. कुणाला बियाणं घ्यायचं असतं, कुणाला खत, आणि हल्ली बऱ्याच जणींना शाळेची फी भरायची असते. बियाण्याचं कर्ज असलं की आपण सतरा प्रश्न विचारतो. रान किती, पाणी आहे का, मागचं फेडलं का? फीचं कर्ज आलं की कुणी तोंड उघडत नाही. लेकरांच्या शिक्षणाला नाही कसं म्हणायचं! माझं म्हणणं एवढंच, की तिथंही एक प्रश्न विचारा: सरकारी शाळा आतून बघून आलीस का?

आज फेब्रुवारीतच बोलतेय, कारण शाळा अजून भरतायत. मे महिन्यात जाऊन नुसतं कुलूप आणि रंग दिलेली भिंत दिसते.

तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा असते, नगरपरिषदेची असते, एखाद्या संस्थेची अनुदानित असते. आपण सगळ्यांना मिळून 'मराठी शाळा' म्हणतो आणि नाक मुरडतो. पण एकाच गावातल्या, एकाच जिल्हा परिषदेच्या दोन शाळांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तो पाटीवर दिसत नाही.

शिक्षक किती, हे सगळ्या विचारतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३. म्हणजे लहान शाळेत एकेका बाईंकडे दोन-तीन वर्ग एकत्र असणार. त्यात लगेच वाईट काही नाही. विचारायचं ते हे, की मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? बाई प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेल्या की वर्गावर कोण असतं? खरं उत्तर मुलंच देतात.

मुलं शिकतात का, ते बघायला पदवी लागत नाही. त्या शाळेत जाणारं शेजारचं तिसरी-चौथीचं पोर बोलवा. दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला एक उतारा द्या आणि वाच म्हणा. स्वतःचं पुस्तक देऊ नका, ते पाठ असतं. 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून घरोघरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा असाच वाचायला देतं. एका पोरावरून ठरवू नका, चार-पाच जणांना द्या. आणि अडखळलं तर रागावू नका हो, परीक्षा त्याची नाही.

आता मुलींचं. स्वच्छतागृह आहे असं कागदावर असतं. तुम्ही दार ढकलून बघा. कुलूप आहे का, आत पाणी आहे का? घाण असली की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. शाळा कितवीपर्यंत आहे तेही आजच विचारा. चौथीला किंवा सातवीला शाळा संपली की मुलाला सायकल मिळते आणि मुलीला घर. पुढची शाळा लांब असेल, तर ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी एस.टी.चा मोफत पास असतो. पण शाळा सुटायच्या वेळेला गाडी आहे का, ते स्टँडवर जाऊन बघायला लागतं.

इंग्रजीचं म्हणाल, तर बऱ्याच मराठी शाळांत सेमी इंग्रजी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. कितवीपासून आहे आणि शिकवतं कोण, एवढं विचारा. अनुदानित शाळेत पैसे मागितले तर पावती मागा. पहिली ते आठवीच्या प्रवेशाला देणगी घेणं किंवा मुलाची, आईबापाची परीक्षा घेणं कायद्यात बसत नाही.

आपण मुलं काढून घेतली की काय होतं, तेही समजून घ्या. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांच्या जागा ठरतात. पट घटला की शिक्षक दुसरीकडे जातात, मग उरलेल्या मुलांचं शिकणं मागे पडतं आणि आपण म्हणतो, बघा, शाळा बिघडली. उरलेली मुलं कुणाची असतात? ज्यांना कर्जसुद्धा मिळत नाही त्यांची. तरी शाळा वाचवायला म्हणून वाईट शाळेत पोर ठेवा, असं मी सांगणार नाही. एकेका लेकराचं एकच वर्ष असतं ते.

पण बोलायची जागा आपल्याला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. इथं बसलेल्यांपैकी काही जणी समितीवर आहेत आणि सहीपुरत्या आहेत. गटाचं प्रोसिडिंग आपण वाचल्याशिवाय सही करत नाही ना? मग शाळेचं का करतो?

सभा संपली की लगेच उठू नका. तालुक्यातल्या शाळा गटांमध्ये वाटून घेऊ. दोघी-दोघी जा, मुख्याध्यापकांना आधी सांगून जा, आणि खिचडीच्या वेळेला जा. पुढच्या बैठकीत काय दिसलं ते सांगायचं. फीच्या कर्जाचे अर्ज त्यानंतर घेऊ.